अठ्ठेचाळीस तास, शंभर वॅट

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवलेलं बिनतारी स्टेशन, म्हटलं की आपल्याकडे लोकांना आपत्ती आठवते. किल्लारीचा भूकंप, भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी. त्यात चूक काहीच नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानला गेले होते ते हौसेपोटी, जगभरच्या हॅमना तो दुर्मिळ प्रदेश रेडिओवर मिळावा म्हणून. २६ तारखेला लाट आली आणि हौसेसाठी नेलेले तेच सेट निरोपांच्या कामाला लागले. ही गोष्ट आम्ही येईल त्याला अभिमानाने ऐकवतो. एक गोष्ट मात्र सहसा सांगत नाही. आमच्यातले काही जण वर्षातल्या ठरावीक शनिवार-रविवारी घरच्यांशी बोलणं बंद करून, कानाला हेडफोन लावून, परक्या देशांतल्या अनोळखी माणसांना जमेल तितक्या वेगाने ‘पाच नऊ नऊ, बावीस’ एवढंच सांगत बसतात. समोरचा तसलेच आकडे परत देतो, आपण ‘आभारी आहे’ म्हणतो आणि पुढच्याला घेतो. अठ्ठेचाळीस तास. याला कॉन्टेस्टिंग म्हणतात, आणि मी २०२४ च्या नोव्हेंबरात त्यात पहिल्यांदा पूर्णवेळ उतरलो.

स्पर्धेचं नाव सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स. वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी बोलून, म्हणजे ‘फोन’वर, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्समध्ये. जागतिक वेळेनुसार शनिवारी शून्य वाजता सुरू, रविवार संपता संपता बंद. आपल्या घड्याळात शनिवार पहाटे साडेपाच ते सोमवार पहाटे साडेपाच. जगाचे चाळीस झोन पाडलेत. आपण बावीस नंबरात, सोबत नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव. अंदमान मात्र सव्विसात जातं. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं की तीन गुण, आशियातलाच दुसरा देश मिळाला तर एक, आणि आपल्याच देशातला गडी मिळाला तर शून्य. मग या गुणांच्या बेरजेला गुणायचं ते प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या लांबीवरून पाडलेल्या प्रत्येक पट्ट्यात, मिळालेल्या वेगवेगळ्या देशांच्या आणि झोनच्या संख्येने. खरी गंमत या गुणाकारात आहे. केरळातला एखादा हॅम मला शून्य गुण देतो, पण त्या बँडवर ‘भारत’ हा देश आणि ‘बावीस’ हा झोन खात्यात टाकतो, म्हणून तोही शोधावा लागतो.

पाच नऊ नऊ हा खरं तर सिग्नल कसा ऐकू येतो याचा अहवाल. स्पर्धेत तो सगळे सगळ्यांना पाच नऊ नऊच देतात. सिग्नल जेमतेम लागत असला, तीनदा विचारून कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची परवान्यावरची ओळख, उतरवलेलं असलं, तरी पाच नऊ नऊ. वर नऊचा आकडा मोर्समध्ये लांब, चार रेघा आणि एक टिंब. म्हणून त्याच्या जागी ‘एन’ ठोकतात, एक रेघ एक टिंब. लग्नात ‘जेवण कसं झालं’ विचारल्यावर जे उत्तर येतं, तेवढीच त्या अहवालाची किंमत. खरी माहिती फक्त झोनच्या आकड्यात आणि कॉलसाइनमध्ये असते, आणि ती मात्र अक्षर न अक्षर बरोबर उतरावी लागते.

फोनची स्पर्धा सोडून मोर्सची धरली याला कारण दिवाळी. ऑक्टोबरचा तो शनिवार-रविवार बहुतेकदा दिवाळीच्या आसपास येतो. २०१९ साली तर लक्ष्मीपूजनच त्या रविवारी होतं. घरचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी एलईडीच्या माळांचं काय करणार? त्या स्वस्त माळांच्या अडॅप्टरमधून रेडिओत जी खरखर येते, ती पुण्यातल्या आमच्या सोसायटीत चाळीस मीटर बँडवर सिग्नल मोजणाऱ्या मीटरचा काटा ‘नऊ’च्या खाली येऊ देत नाही. युरोपातला क्षीण सिग्नल त्याच्याखाली केव्हाच गाडला जातो. शिवाय आमच्या कमिटीचं मत असं, की गच्चीवर पाण्याच्या टाक्या चालतात, डिश चालतात, पण हेक्सबीम अँटेना चालत नाही, कारण त्याच्यावर वीज पडेल. मी दोन-तीन बैठकांत समजावून पाहिलं आणि सोडून दिलं.

मोर्स मी परवान्यासाठी शिकलो होतो. जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. स्पर्धेत तीसच्या आसपास चालतो, आणि कॅरिबियनमधून बसलेली पट्टीची मंडळी त्याच्याही पुढे. आठवरून तिसावर जाणं म्हणजे तीच गोष्ट जास्त जोरात करणं नव्हे. आठला माणूस टिंबं-रेघा मोजतो. तिसाला मोजायला गेलात की संपलात. मला हे डोंबिवलीच्या एका काकांनी शिकवलं. काका मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवरची संकटसंदेशाची व्यवस्था पूर्णपणे उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणेवर गेली आणि काकांची जमात बोटीवरून उतरली. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी मी वही-पेन काढलं, तर म्हणाले, “वही ठेव आत. लिहायला लागलास की कान बंद होतात.” आणि मग ते टेबलावर बोटांनी वाजवत राहिले. “क्यू हे अक्षर नाहीये, चाल आहे. ऐक. परत ऐक.”

घरी मी संगणकावर मोर्स रनर लावायचो. हा प्रोग्रॅम खोटा पाइलअप तयार करतो, एकाच वेळी चार-पाच जण एकमेकांवर चढून हाका मारतात आणि त्यातून एकेक उचलायचा. त्यात हात बसला तेव्हा सीडब्ल्यूटी सुरू केली. ही दर आठवड्याला होणारी तासाभराची छोटी चढाओढ. एक सत्र आपल्याकडे बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पडतं, एक गुरुवारी सकाळी साडेआठला. गुरुवारचं मी ऑफिसला निघायच्या आधी करायचो. त्यात कॉलसाइनबरोबर नावही सांगायचं असतं. काही महिन्यांत अशी गत झाली, की फिनलंडमधला एक मनुष्य, ज्याचा चेहरा मला माहीत नाही, तो नुसत्या ठोकण्याच्या ढंगावरून ओळखू यायला लागला. कॉलसाइन पुरं व्हायच्या आत.

जागा मिळाली सासवडच्या पुढे, एका मित्राच्या शेतावर. उघडं पठार, आजूबाजूला वस्ती तुरळक, वायव्येला क्षितिजापर्यंत मोकळं. वायव्येला युरोप आहे, म्हणून ते महत्त्वाचं. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, तेव्हा आधी कागदं हलवली. मित्राचे वडील, अण्णा, यांनी एकच प्रश्न विचारला, “मोटारीला काही होणार नाही ना?” मोटार म्हणजे विहिरीवरची. नाही म्हटल्यावर त्यांनी शेडचं कुलूप उघडून दिलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी अँटेना चढवल्या. वीस, पंधरा आणि दहा मीटरसाठी हेक्सबीम: फायबरच्या सहा काठ्या उलट्या छत्रीसारख्या आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा. तो चाळीस फुटी जीआय पाइपवर, चार बाजूंनी दोर बांधून. चाळीस मीटरसाठी वीसेक मीटर लांबीची साधी वायर मधोमध उचलून. ऐंशी मीटरची वायर तिच्या दुप्पट, आणि ती उंच न्यायला बांधावरचं सिल्व्हर ओकचं झाड. झाडाच्या शेंड्यावरून दोरी टाकायची कशी, यावर आम्ही तिघं इंजिनिअर चर्चा करत होतो. अण्णांचा नातू घरात गेला, बेचकी घेऊन आला, नायलॉनच्या दोऱ्याला मासे धरायचं शिसं बांधलं आणि दुसऱ्या फटक्यात शेंड्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यातून बरोबर पलीकडे पाडलं. मग त्या बारीक दोऱ्याला जाड दोरी, जाड दोरीला वायर. त्या पोराला स्पर्धेतलं काही कळत नव्हतं, पण अख्ख्या स्टेशनातलं सर्वांत अचूक काम त्याचं.

मदतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिचा परवाना रिस्ट्रिक्टेड, कॉलसाइन व्हीयू३चं, पन्नास वॅटची मर्यादा. पण कोअॅक्सला, म्हणजे अँटेनाच्या केबलला, कनेक्टर बसवण्यात आमच्यातल्या कोणापेक्षाही पुढे. बाहेरची जाळी उलगडून, पिळून, तिला डाग दिल्याशिवाय ती कनेक्टर झाळत नाही. आधी प्रत्येक टोकाला मीटर लावून बघते. ऑक्टोबरच्या फोन स्पर्धेत ती नवख्यांच्या गटात बसली होती. “दादा, तुम्ही पाणी कधी प्यायचं ते पण लिहून ठेवा,” असा सल्ला तिने दिला. मी हसलो, पण लिहून ठेवलं.

माझा वर्ग होता एकट्याचा, सगळे बँड, शंभर वॅट, इंटरनेटची मदत नाही. कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे दाखवणारी जाळी इंटरनेटवर असतात. ती वापरणाऱ्यांचा वर्ग वेगळा. आमच्या वर्गात डायल फिरवायचा आणि कानाने शोधायचं. मला हाच प्रकार आवडतो. पडद्यावर नावं दिसायला लागली की माणूस ऐकायचं थांबवतो.

शनिवारी साडेपाचला अंधारच होता. चाळीस मीटरवर युरोप भरात. तिथे मध्यरात्र, आपल्याकडे सूर्योदयाला सव्वा तास. घड्याळाचा आकडा फिरला आणि शांत बँड एका झटक्यात गच्च झाला. इतके सिग्नल, की दोन सिग्नलांच्या मधे बोट ठेवायला जागा नाही. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, बँडवर वरखाली फिरून जे हाका मारतायत त्यांना उत्तर देत सुटायचं. दुसरा, कुठेतरी जागा धरून आपणच हाका मारायच्या आणि लोकांनी आपल्याकडे यायचं. त्याला रन म्हणतात. शंभर वॅट आणि एका वायरने त्या गर्दीत जागा धरणं म्हणजे दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी किलोवॅटवाला शेजारी येऊन बसणार. म्हणून पहिला तास मी फिरलो. सूर्योदयाच्या जरा आधी अमेरिकेचा पूर्व किनारा वर आला. उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर काही मिनिटं खालच्या बँडचे सिग्नल असे फुगतात, की बारा-तेरा हजार किलोमीटरवरचा माणूस भोरहून बोलतोय असं वाटावं. आणि मग ऊन पडलं की तो विरतो. ओरडून उपयोग नाही.

आठ-साडेआठनंतर दहा आणि पंधरा मीटरवर जपान. जपानी हॅमची शिस्त बघण्यासारखी असते. मी अर्धं कॉलसाइन विचारलं तर ज्याचं आहे तोच उत्तर देतो, बाकीचे थांबतात. पण ते आशियातले, म्हणजे एकेक गुण. तिथेच बसून राहिलं तर आकडा दिसायला छान वाढतो आणि पदरात काही पडत नाही. म्हणून ठरवून ठेवलं होतं, की प्रत्येक बँडवर जपानचा झोन पंचवीस घ्यायचा, थोडं पुढे जायचं आणि नऊ ते साडेदहा झोपायचं. भारतातून ही स्पर्धा करायची तर झोप दिवसा सकाळीच काढावी लागते, कारण युरोप दुपारी, अमेरिका संध्याकाळी आणि खालचे बँड रात्री.

एक गोष्ट कोणीच धरली नव्हती. २३ नोव्हेंबर २०२४ हा विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस होता.

स्पर्धेची तारीख जगात ठरते, निवडणुकीची दिल्लीत, आणि दोघांनी सासवडच्या त्या शेडवर एकाच वेळी यावं याला काय म्हणायचं. आठला मोजणी सुरू झाली. नऊला मी आडवा झालो. साडेनऊच्या सुमाराला गावाकडून फटाक्यांची पहिली माळ लागली. दहाला दोन मोटारसायकली बांधावरून आल्या. शेडमध्ये हेडफोन, लॅपटॉप, वर एवढी मोठी छत्री आणि डोळे तारवटलेला मनुष्य पाहून त्यांची खात्रीच पटली, की इथे निकाल सगळ्यांच्या आधी लागत असणार. “साहेब, आपला किती लीडला?” त्यांच्या मागोमाग अण्णांचे दोन शेजारी. त्यांना लॅपटॉपवरचे आकडे दिसले: देश इतके, झोन इतके, गुण इतके, आणि दर मिनिटाला हलतायत. “हा कंचा मतदारसंघ?” मी म्हटलं, जग. ते हसले नाहीत, नीट वाकून बघायला लागले. पुढचे पंधरा-वीस मिनिटं मी त्यांना हेडफोन काढून स्पीकरवर ऐकवलं. एका शेजाऱ्याने ऐकून डोकं हलवलं आणि विचारलं, “मग बक्षीस काय?” जिंकणाऱ्याला एक लाकडी पाटी मिळते, नाव कोरलेली. “पैसं?” नाहीत. तो उठला, जाताना अण्णांना म्हणाला, “पोरगं चांगल्या घरचं दिसतंय.”

झोप गेली ती गेली.

अकरानंतर दहा मीटर युरोपकडे उघडला. सूर्याचं चक्र तेव्हा शिखराशी होतं. त्याच ऑक्टोबरात नासा आणि नोआ या अमेरिकी सरकारी संस्थांनी सूर्य कमाल टप्प्यात असल्याचं जाहीर केलं होतं. डागांनी भरलेला सूर्य म्हणजे वरच्या वातावरणात विद्युतभारित कण भरपूर, आणि ते वाढले की दहा मीटरवर शंभर वॅटचाही किलोवॅट होतो. मी वरच्या बाजूला, अठ्ठावीस मेगाहर्ट्झच्या वर एक शांत फट शोधली, एफ-वन दाबलं. लॉगिंगच्या प्रोग्रॅममध्ये ते बटण आपली हाक मारतं. दुसऱ्या हाकेला एक जर्मन. त्याच्यानंतर दोन. तिसऱ्या मिनिटाला भिंत.

पाइलअप दुरून सांगून कळत नाही. सात-आठ जण एकाच स्वरात, एकाच क्षणी आपापलं कॉलसाइन ठोकतात. कानाला लागतो तो एक सलग गुंजारव. त्यात एखादा जरा खालच्या सुरात असतो, त्याचं शेपूट हाती लागतं: ‘दोन टी’. आपण तेवढंच परत पाठवायचं, दोन टी आणि प्रश्नचिन्ह. खरं तर आता फक्त तोच बोलायला हवा. इटलीचे तीन जण तरीही बोलतात. त्यांच्यातून दोन टी पुन्हा काढायचा, आता सुरुवातीची अक्षरं मिळतात, ओएच, म्हणजे फिनलंड. पूर्ण कॉलसाइन, पाच नऊ नऊ, बावीस. तो पाठवतो पाच नऊ नऊ, पंधरा. ‘टीयू’, म्हणजे थँक यू, मग माझं कॉलसाइन, आणि भिंत परत कोसळते. जेमतेम दहा-बारा सेकंद. हे असं तासन्‌तास. वेग तासाला शंभराच्या पुढे गेला तेव्हा बोटं आपोआप चालत होती आणि मी कुठेतरी मागे उभा राहून बघत होतो.

यात एक अडचण खास आपली आहे. भारतातली कॉलसाइन बहुतेक ‘व्हीयू’ने सुरू होतात. ‘व्ही’ म्हणजे तीन टिंबं आणि रेघ, ‘चार’ म्हणजे चार टिंबं आणि रेघ. सिग्नल क्षीण असला की व्हीयूचं फोर-यू ऐकू येतं, आणि फोर-यू हे संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह. जिनिव्हातलं आयटीयूचं, म्हणजे त्यांच्या दूरसंचार संघटनेचं, स्टेशन त्यावर चालतं. एका इटालियनने मला तसं केलंच. मी दुरुस्त करून पाठवलं, त्याने परत चारच पाठवलं, मी वेग कमी करून पाठवलं. वीस सेकंद गेले. मागे रांग तुंबली होती, तरी दुरुस्त करणं भाग होतं.

कारण या खेळाचा पाया तिथे आहे. मी ज्याच्याशी स्पर्धा करतोय तोच मला गुण देतो. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, मी नीट उतरलो नाही तर त्याचं नुकसान, माझ्या लॉगमध्ये तो नीट उतरला नाही तर माझं. चुकीचं कॉलसाइन उतरवणाऱ्याचा तो संपर्क तर जातोच, वर त्याच्या दुप्पट गुणांचा दंड बसतो. त्या इटालियनला मी वाऱ्यावर सोडलं असतं तर माझं फारसं काही गेलं नसतं; तिप्पट त्याचं गेलं असतं. दुसऱ्या कुठल्या खेळात समोरच्याची चूक आपण आपला वेळ घालून निस्तरतो? इथे सगळे करतात. जो करत नाही त्याचं नाव पसरायला वेळ लागत नाही. मला या छंदात धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे, अंतर-बिंतर नंतर.

संध्याकाळी अमेरिका. पूर्व किनारा उत्तर युरोपावरून येतो, त्याला फार त्रास नाही. कॅलिफोर्नियाचा रस्ता मात्र सरळ उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जातो, आणि ध्रुवावर चुंबकीय गडबड असली की सिग्नल पाण्याखालून बोलल्यासारखा थरथरतो. झोन तीन, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा, मला पंधरा मीटरवर मिळाला तो असाच, थरथरत. त्याच्यासाठी मी चालू रन सोडला. अशा वेळी मन दोन बाजूंनी ओढतं: इथे मिनिटाला दोन युरोपियन मिळतायत, तिथे एक झोन मिळेल किंवा पाच मिनिटं फुकट जातील. काका म्हणतात, पहिल्या दिवशी गर्दी घे, दुसऱ्या दिवशी झोन शोध. मी पहिल्याच दिवशी शोधायला गेलो आणि तो मिळाला, त्यामुळे काकांना हे सांगितलेलं नाही.

मोठी मंडळी यासाठी जागाच निवडून बसतात. केप व्हर्दच्या साओ विसेंते बेटावर माँटे व्हर्दे नावाचा डोंगर आहे, तिथून डी४सी हे स्टेशन चालतं. आफ्रिकेत असल्यामुळे युरोपही तीन गुण, अमेरिकाही तीन गुण, आणि दोन्ही जवळ. पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून गुणांचा हिशेब करायचा आणि त्या जागी डोंगर शोधायचा, असा हा कारभार. म्हणून तर सगळ्यांना सारख्याच अँटेना, सारखीच शक्ती, शेजारशेजारची मैदानं देऊन वेगळी जागतिक स्पर्धा घेतात, डब्ल्यूआरटीसी. १९९० मध्ये सिएटलला सुरू झाली, २०१८ मध्ये जर्मनीत व्हिटेनबर्गला, २०२३ मध्ये इटलीत बोलोन्याला झाली. तिथे तंबू आणि शंभर वॅट. उरतो तो फक्त कान.

रात्री ऐंशी मीटर. थंडी चांगली पडली होती, अण्णांच्या घरच्या काकूंनी घोंगडी दिली. थ्री-फेजची पाळी रात्रीची होती, त्यामुळे अधूनमधून कुठल्यातरी विहिरीवरचा स्टार्टर ‘खट्‌’ व्हायचा आणि एखाद्या कॉलसाइनचं नेमकं शेवटचं अक्षर घेऊन जायचा. माझा रेडिओ बॅटरीवर होता, पण अख्ख्या पठारावरच्या मोटारी नव्हत्या. दूरचा सिग्नल दोनदा-तीनदा मागावा लागत होता. तरी तिथे बावीस झोन हवासा असतो. ऐंशीवर भारतातून मोर्स ठोकणारे मोजकेच. एका बाल्टिक स्टेशनने पाच नऊ नऊच्या पुढे ‘टीयू टीयू’ असं दोनदा ठोकलं. स्पर्धेत एक जादा ‘टीयू’ म्हणजे जवळपास मिठी.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेग उतरतो, कारण बहुतेकांना तुम्ही आदल्या दिवशीच मिळालेले असता. उरलेल्या झोनसाठी डायल फिरवायचा. आइसलंड मिळालं, म्हणजे झोन चाळीस. झोन दोन, कॅनडाचा तो उत्तरेचा तुकडा, एकदा ऐकू आला आणि मी हाका मारेपर्यंत बुडाला. संध्याकाळनंतर मला पंख्याच्या आवाजातही मोर्स ऐकू यायला लागला. हे सगळ्यांना होतं म्हणे. भाकरी, ठेचा, चहा, पुन्हा चहा. सोमवारी पहाटे साडेपाचला बँड जसा भरला होता तसाच एका क्षणात रिकामा झाला. शेवटच्या मिनिटाला मी एका स्पॅनिशाला घेतलं आणि त्याच्या ‘७३’ला उत्तर दिलं. ७३ म्हणजे शुभेच्छा. अठ्ठेचाळीस तासांत तेवढं बोलायला तेव्हाच वेळ मिळाला.

लॉग पाठवायला पाच दिवस असतात. पाठवल्यावर खरं काम सुरू होतं ते आयोजकांच्या संगणकाचं. जगभरातून आलेले सगळे लॉग एकमेकांशी ताडून बघतात. मी म्हणतो अमुक वेळी अमुक बँडवर अमक्याशी बोललो. त्याच्या लॉगमध्ये तसंच आहे का? नसेल तर कापणार. वरच्या नंबरांसाठी झगडणाऱ्यांकडून स्पर्धेभरचं ध्वनिमुद्रणही मागू शकतात. नंतर लॉग सर्वांसाठी खुले होतात, म्हणजे कोणीही उठून माझा शनिवार मिनिट-मिनिट वाचू शकतो. तपासणीचा अहवाल येतो त्यात प्रत्येक कापलेल्या ओळीसमोर कारण असतं. माझ्याही थोड्या ओळी गेल्या, तेवढ्या सगळ्यांच्याच जातात. मी सगळ्यात आधी तो इटालियन शोधला. त्याने व्हीयू बरोबर उतरवलं होतं.

जगाच्या यादीत माझं नाव बरंच खाली आहे. शंभर वॅटने तिथेच असायला हवं. पण बँडवार आकडे मांडले की एक भोक स्पष्ट दिसतं: ऐंशी मीटर. ऐकू येत नव्हतं, म्हणून मिळालं नाही. त्यावर इलाज म्हणजे बेव्हरेज अँटेना, जमिनीपासून दोनेक मीटरवर ताणलेली दीडशे-दोनशे मीटर लांब सरळ वायर. ती ज्या दिशेला असेल तिकडचं ऐकते आणि बाकीची खरखर सोडून देते. अण्णांचं रान तेवढं लांब नाही, शेजाऱ्याचं धरलं तर आहे. त्याच्याकडे मी अण्णांना घेऊन गेलो. तो बांधावरून वायर न्यायला तयार आहे, बांबूही देतो म्हणाला. पण बांध पूर्व-पश्चिम जातो आणि मला हवी वायव्य, म्हणजे वायर थेट त्याच्या ज्वारीतून तिरकी. ज्वारी नोव्हेंबरात उभी असते. तो म्हणतो फेब्रुवारीत काढणी झाली की हवी तेवढी ओढ. मी त्याला सांगितलं, की स्पर्धेची तारीख मला हलवता येत नाही. तो म्हणाला, “मग युरोपच जरा पश्चिमेला घे की.”